चिकूच्या वाडीत लागलेलं लग्न

आमच्या गंजाडकडच्या पाड्यांवर आता लग्नात डीजे येतो आणि विधी सांगायला भटजी येतात. त्यामुळे माझी आत्या रिकामी झाली. आत्या धवलेरी, म्हणजे आमच्याकडची लग्नं गाऊन लावणारी बाई. तिची गाणी टिकावीत आणि तिची चूलही पेटती राहावी म्हणून, मी ज्या संस्थेत नोकरी करत होते तिने आशागडच्या एका चिकूच्या वाडीत पाहुण्यांसाठी कार्यक्रम ठेवला. कल्पना माझीच. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक काढून झाला. मुंबईचे पाहुणे खुर्च्यांवर बसले. आत्याने इकडेतिकडे पाहिलं.

"नवरा-नवरी कुठं?"

"आत्या, हा कार्यक्रम आहे. लग्न नाही."

"मंग गाऊ कोनासाठी? खुर्च्यांसाठी?"

ती हटूनच बसली. पाहुणे चुळबुळ करायला लागले. मी वैतागले, संस्थेच्या ड्रायव्हरचा हात धरला आणि चौकासमोर जाऊन उभी राहिले. तो झाई गावचा, मोठा थट्टेखोर, नवऱ्यासारखा लाजूनही दाखवत होता. आत्या गायली, पार शेवटपर्यंत. कार्यक्रम इतका आवडला की पुढचेही ठरले. दर वेळी पाड्यावरची कॉलेजात जाणारी एखादी मुलगी हौसेने नवरी व्हायची, नवराही कुणीतरी सापडायचा. आत्याचं मजुरीला जाणं सुटलं.

पुढे माझं लग्न ठरलं, तलासरीच्या मुलाशी. मी आत्याकडे गेले, म्हटलं, डीजे नको, तूच गा. ती तांदूळ निवडत होती.

"तुजं लगीन झालंय. मीच लावलंय."

मी हसले. ती हसली नाही.

"अगं, ते खोटं होतं!"

"तू खोटी हुबी ऱ्हायलीस. मी खोटं नाय गायले. चौकातल्या देवीला बोलावलं, ती काय खोटी आली? आदी काडीमोड घे, मंग गाते."

काडीमोड! चार माणसांसमोर नवरा-बायकोने काडी मोडली की दोघं सुटली. माझं डोकंच चालेना. मी नक्की कुणाची बायको? तो ड्रायव्हर तर मला ताई म्हणायचा. आई म्हणाली, म्हातारीला चळ लागलाय, डीजे सांगून मोकळी हो. पण आईचं लग्नही आत्यानेच लावलेलं. तिच्या गाण्याशिवाय माझं लग्न लागलं असं मला कधी वाटलंच नसतं. होणारा नवरा मात्र पोट धरून हसला. म्हणाला, मोडून टाक.

आत्याच्या अंगणात चार म्हाताऱ्यांसमोर आम्ही गवताची काडी धरली. "सुटलो गं ताई!" म्हणत ड्रायव्हरने ती मोडली आणि मला रडू फुटलं. का, ते आजही कळत नाही. जे नव्हतंच ते मोडल्याचं कुणी रडतं का?

आत्या माझ्या लग्नात गायली. पण काडीमोडीची बातमी पाड्यापाड्यावर पोचली. कार्यक्रमात नवरी झालेल्या मुलींच्या आया तिच्या दारात भांडायला आल्या. आत्या म्हणाली, त्यांचीही काडी मोडा. आमच्या पोरींची लग्नं लागलीच नाहीत तर मोडायचं काय, असं म्हणून तणतणत निघून गेल्या. नंतर एकही मुलगी उभी राहीना आणि नवरीशिवाय आत्या तोंड उघडीना. संस्थेने कार्यक्रम बंद केले.

आता आत्या त्याच चिकूच्या वाडीत मजुरीला जाते. परवा मी तिला भेटायला गेले. तिच्यासमोर फळांचा ढीग होता, त्यातून बारीक चिकू ती बाजूला काढत होती. मीही हात लावला. न राहवून म्हटलं, "आत्या, माझ्यापायी तुझं काम गेलं गं." मला वाटलं, ती चिडेल.

"काम जाऊ दे," ती म्हणाली. "तू सुटलीस. त्या बाकीच्या पोरींना कोन सोडवनार?"

ती खरंच काळजीत होती.