पेरुंगुडी ते गुम्मिडिपूंडी, डावी वळणं सांभाळत

माझी सायकल विकायची की ठेवायची, एवढं ठरवण्यासाठी आम्ही ही सहल काढली. बाकी लोक मन रमवायला फिरतात, मी मन घट्ट करायला निघाले होते.

झालं होतं असं. मागच्या वर्षी ऑफिसला जाताना एका चौकात पाण्याचा टँकर माझ्या उजव्या हाताला उभा होता. त्याचा डावा दिवा लुकलुकत होता. आता चेन्नईत एक पद्धत आहे. चौकातून सरळ जायचं असेल तर इथले ड्रायव्हर गाडीचे चारही दिवे लुकलुकत ठेवतात. तुम्ही गाडीच्या डाव्या अंगाला असाल तर तुम्हाला त्यातले डावेच दिसतात. मला वाटलं, हा चारवाला आहे, सरळ जाणार. तो डावीकडे वळला. माझं डाव्या खांद्याजवळचं हासळीचं हाड मोडलं आणि सायकलचं पुढचं चाक पापडासारखं दुमडलं. हाड जुळलं, चाक नवीन आलं, पण मी मात्र सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायची. फाटकाबाहेर एखादी मोठी गाडी वळताना दिसली की पाय पेडलवरून आपोआप खाली यायचे.

रघूने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, परस्पर गिऱ्हाईक शोधलं. मी भडकले. मग तडजोड झाली: एक मोठी राइड, जमतील तितके चौक, आणि परत आल्यावर मी सांगेन ते अंतिम. कुठे जायचं? तर गुम्मिडिपूंडीला. रघूची फॅक्टरी तिथे आहे. तो ट्रकच्या स्टिअरिंगचे भाग बनवतो, रोज कंपनीच्या बसने जातो, आणि लग्न झाल्यापासून मी ते गाव फक्त ऐकत आले आहे.

रघूबद्दल थोडं सांगायला हवं. तो तंजावूरकडच्या मराठी घरातला, जन्म चेन्नईचा. त्याच्या घरचं मराठी माझ्या सांगलीच्या मराठीपेक्षा जुनं आहे, आणि घाई असली की तो सरळ तमिळवर येतो. माणूस गुणी आहे. पण अपघातानंतर त्याने माझी काळजी घ्यायची म्हणजे माझा श्वाससुद्धा आपणच घ्यायचा, असं काहीतरी ठरवलं होतं.

शनिवार: पेरुंगुडी ते नुंगंबाक्कम

पोंगलचा सण नुकताच संपला होता. जानेवारीतली सकाळ चेन्नईत जेवढी गार असू शकते तेवढी गार होती. उजाडता उजाडता निघालो. तुम्हीही निघणार असाल तर ओएमआर, म्हणजे जुना महाबलीपुरम रस्ता, सकाळीच उरकून घ्या. मेट्रोच्या कामामुळे जागोजागी पत्रे लावलेत, रस्ता अचानक अरुंद होतो आणि सगळी वाहनं सायकलवाल्याच्या खांद्याला खांदा लावून चालतात.

मी पुढे, रघू मागे, असं ठरलं होतं. पहिल्या सिग्नलपासूनच मागून आकाशवाणी सुरू झाली.

"डावीकडे बस आहे. थांब. नको, जा. जा जा. थांब!"

"एक काय ते सांग ना!" मी मान न वळवता ओरडले.

चौकांबद्दल मी वाचून, पाहून आणि हाड मोडून घेऊन जे शिकले ते सांगते. इथे बऱ्याच सिग्नलना 'फ्री लेफ्ट' असतो, म्हणजे डावीकडे वळणाऱ्यांना थांबायची गरज नाही. सरळ जाणारा सायकलवाला सवयीने रस्त्याच्या डाव्या कडेला उभा राहतो आणि ती सगळी वळणारी गर्दी त्याच्या अंगावरून जाते. तेव्हा सरळ जायचं असेल तर सरळ जाणाऱ्यांच्या रांगेत, मधोमध उभं राहा. मागचे हॉर्न वाजवतील. वाजवू देत. मोठ्या गाडीच्या डाव्या बाजूने पुढे घुसायचं नाही, कितीही जागा दिसली तरी. आणि दिव्यांकडे नाही, पुढच्या चाकाकडे बघायचं. ड्रायव्हर दिवा लावायला विसरतो, पण चाक वळल्याशिवाय गाडी वळत नाही.

हे लिहायला सोपं आहे. मध्य कैलाशच्या चौकात मी मधोमध उभी राहिले तेव्हा माझे तळहात इतके घामेजले होते की ब्रेक निसटत होता. मागून एक रिक्षावाला खेकसला, पुढे लाल होता, आणि माझ्या डावीकडून गाड्या एकामागून एक वळत होत्या. हिरवा झाला. मी गेले. कोट्टूरपुरमच्या पुलावर पोचल्यावर मला रडू आलं आणि रघूला वाटलं खांदा दुखतोय.

नुंगंबाक्कमला रघूच्या आत्यांकडे मुक्काम. लॉजचे पैसे वाचले आणि वर रसवांगी मिळालं. वांग्याची ही तंजावरी भाजी डाळ-खोबऱ्यात शिजवतात. ती खाल्ल्यावर सांगलीच्या माणसालाही भरल्या वांग्याचा काही काळ विसर पडतो, याहून जास्त कबूल करणार नाही.

"अगो, येवढें लांब सैकलीवर कां जातां? लारी सगळ्या तिकडेच जातात," आत्या वाढता वाढता म्हणाल्या.

"मी आहे ना मागे," रघू म्हणाला, आणि त्याने ताटाभोवती दोन चमचे मांडून आम्हाला ट्रेलर कसा वळतो ते दाखवलं. लांब ट्रेलरला डावीकडे वळायचं असेल तर तो आधी उजवीकडे सरकतो. डावीकडे मोठी मोकळी जागा तयार होते. मग पुढचा भाग वळतो, आणि मागची चाकं मात्र पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, कोपरा कापून आत येतात. "त्या मोकळ्या जागेत गेला तो संपला," असं म्हणून त्याने चमच्याखाली एक पापड चिरडला.

"सरि, सरि. आतां तो खा," आत्या म्हणाल्या.

रविवार: नुंगंबाक्कम ते गुम्मिडिपूंडी

चेटपेट, पेरंबूर, माधवरम. रविवार असल्यामुळे शहर सुस्त होतं, पण माधवरमपासून ट्रक सुरू झाले. तिथल्या मोठ्या चौकात रघूने कहर केला. मी नीट रांगेत, एका बसच्या मागे अंतर ठेवून चालले होते. तेवढ्यात त्याला कुठूनतरी एक टेम्पो वळताना दिसला आणि तो जीव खाऊन ओरडला, "निल्लु! थांब!" मी चौकाच्या ऐन मध्यात दोन्ही ब्रेक दाबले. मागचा मोटारसायकलवाला माझ्या पाठीला घासून गेला. टेम्पो तर आमच्या वाटेत येणारच नव्हता.

चौक ओलांडून मी सायकल कडेला घेतली आणि मनात साचलेलं सगळं बाहेर काढलं. "मला टँकरने एकदाच पाडलं. तू कालपासून दहादा पाडायला बघतोयस. आता तू पुढे जा. लांब पुढे. आणि एक शब्द बोलायचा नाही."

त्याचा चेहरा उतरला. "मी पुढे असलो तर तू दिसणार कशी?"

"तेच तर पाहिजे मला."

तो पुढे गेला. अर्धं किलोमीटर पुढे जाऊन वळून पाहायचा, हात हलवायचा, परत पुढे. मला रागही येत होता आणि वाईटही वाटत होतं.

पुळलजवळ, ज्याला सगळे रेड हिल्स म्हणतात, नाश्ता केला. पोंगल म्हणतात ती मुगाची खिचडी, मेदूवडा, कॉफी, दोघांचे मिळून दोनशेच्या आत. पोट भरलं आणि भांडण निम्मं झालं. डावीकडे तलावाचं पाणी दिसत होतं, वारा पाठीमागून होता. तिथून पुढे हमरस्ता. कडेला सायकलपुरती जागा बहुतेक ठिकाणी आहे, पण तिथे वाळू, काचा आणि उलट्या दिशेने येणाऱ्या मोटारसायकली असतात. पंक्चरचं सामान आणि जास्तीची ट्यूब घेतल्याशिवाय या रस्त्याला येऊ नका. प्रत्येक फाट्याला मी वेग कमी करत होते, शेजारच्या ट्रकला पुढे जाऊ देत होते, त्याचं चाक सरळ आहे ना ते बघत होते. कारनोडईचा पूल गेला, कवरैपेट्टै गेलं. भीती होती, पण पाय पेडलवरच होते. नारळपाणी पिताना मी रघूला म्हणालेसुद्धा, "गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव."

"घरी पोचू दे आधी," तो म्हणाला.

गुम्मिडिपूंडीच्या अलीकडे कारखान्यांच्या वसाहतीकडे डावीकडे एक फाटा जातो. आम्हाला सरळ जायचं होतं, गावात खोली घेऊन, आंघोळ करून मग फॅक्टरी बाहेरून बघायची होती. रघू माझ्या बराच पुढे होता. त्याच्या पुढे लोखंडी कॉइल लादलेला एक लांब ट्रेलर फाट्याशी हळू झाला होता. चारही दिवे लुकलुकत होते. चेन्नईच्या हिशोबाने, सरळ.

ट्रेलर उजवीकडे सरकला आणि डावीकडे मोठी मोकळी जागा झाली.

मी थांबले. रघू थांबला नाही. चमचे मांडून शिकवणारा माझा नवरा त्या जागेत शिरला, कारण तो पुढे बघतच नव्हता. मी थांबलेली त्याला दिसली होती. तो एक हात हँडलवर ठेवून, मान पूर्ण मागे वळवून मला हात करत होता: ये, ये, काही नाही. आणि मी जिथे उभी होते तिथून ट्रेलरचं पुढचं डावं चाक मला स्पष्ट दिसत होतं. ते डावीकडे फिरत होतं.

मी ओरडले. "रघू, बाजूला हो! ट्रेलर वळतोय!" इंजिनाच्या आवाजात त्याला काही कळलं नाही. तो आणखी सावकाश झाला, आणखी हात हलवला. त्याच्या शेजारी ट्रेलरची लांबलचक बाजू डावीकडे सरकू लागली होती. मला त्या क्षणी एकच गोष्ट पक्की माहीत होती, की स्वतःच्या जिवासाठी हा माणूस हलणार नाही. मी सायकल धाडकन रस्त्यावर टाकली, गुडघ्यांवर बसले आणि असेल नसेल तेवढा आवाज काढून किंचाळले, "रघू! पडले मी! रघू!"

तो सायकलवरून उतरला नाही, सांडलाच. सायकल तशीच सोडून, डावीकडच्या मातीत उडी मारून तो माझ्याकडे धावत सुटला. त्याच्या पाठीमागे ट्रेलरची मागची चाकं कोपरा कापत आली. पत्र्याचा डबा पायाखाली यावा तसा आवाज झाला, बराच वेळ होत राहिला.

"कुठे लागलं? खांदा? खांदा हलव," तो माझ्यापुढे बसून विचारत होता. त्याने मागे पाहिलंच नव्हतं.

"मी पडले नाही," मी म्हणाले. "मला काही झालं नाही."

"मग ओरडलीस का?"

मी बोट दाखवलं. त्याने मान वळवली आणि तिथेच मातीत फतकल मारली.

ट्रेलरचा ड्रायव्हर खाली उतरून धावत आला. वयस्क माणूस होता. "तेरियवे इल्ल मा," तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, दिसलंच नाही. डावीकडचा दिवा तर मी दिला होता, असंही म्हणाला. मग कॅबिनमध्ये जाऊन पाहून आला आणि कपाळावर हात मारून घेतला. मागच्या चौकात सरळ जाताना लावलेले चारही दिवे बंद करायचे राहिले होते. ते चालू असले की डावा वेगळा लागतच नाही. मला त्याच्यावर चिडायचं होतं, पण त्याच्याकडे बघून जमलं नाही. त्यानेच आम्हाला पाणी दिलं.

फॅक्टरी आम्ही पाहिली नाही. फाट्यावर एक छोटा हत्ती टेम्पो, इथल्या भाषेत कुट्टी यानई, भाड्याने मिळाला. मागे माझी सायकल आणि रघूच्या सायकलचं उरलेलं. पेरुंगुडीपर्यंत दोघं ड्रायव्हरशेजारी दाटीवाटीने बसलो. रघू खिडकीपाशी होता. चौक आला की तो डोळे मिटायचा आणि त्याचा हात माझ्या हातावर घट्ट व्हायचा.

घरी

बरेच जण विचारतात, भीती गेली का? नाही गेली. सहलीला निघताना मला ती घालवायची होती, तीच माझी चूक होती. भीती वाटत होती म्हणूनच मी थांबले, आणि थांबले म्हणून ते चाक दिसलं. आता मी ती सोबत घेऊनच ऑफिसला जाते. मधोमध उभी राहते, शिव्या खाते, पोचते. गिऱ्हाइकाला मीच फोन करून नाही म्हटलं.

त्या किंचाळण्याचं मात्र मला अजून वाईट वाटतं. त्याच्या प्रेमाचा मी फसवायला उपयोग केला. दुसरा इलाज नव्हता हे माहीत आहे, तरी वाटतं. रघूला तसं बोलून दाखवलं, तर तो म्हणाला, "तू खोटं ओरडलीस म्हणून मी आहे," आणि चहा ठेवायला उठून गेला.

त्याने जुनी एक सायकल घेतली आहे. आठवडाभर ती जिन्याखाली नुसती उभी होती. काल सकाळी तो हेल्मेट घालून दारात कितीतरी वेळ थांबला. मी पेपर वाचत होते.

"अगो," तो खाली बघत म्हणाला, "सिग्नल ओलांडेपर्यंत येशील माझ्याबरोबर? तू पुढे राहा. मी मागून येतो. काही बोलणार नाही."

चिडवायला इतकी सुरेख संधी मला परत मिळायची नाही. मी पेपर ठेवला आणि बूट घालायला घेतले.