जिंकलेला खड्डा

थंडीत पक्षी बघायला लोक कुठे कुठे जातात. आम्ही हिवरखेडला गेलो. मी वकील, मला तिथे अशिलाला भेटायचं होतं. बायको मेधा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. तिने दुर्बीण पिशवीत टाकली आणि कामाची सहल झाली.

अमरावतीहून सकाळी निघालात, तर दर्यापूरला आलुबोंडा-रस्सा गरम मिळतो. शंभर रुपयांत दोघांचं भागतं. अकोटच्या पुढे मात्र कंबर सांभाळा.

वाटेत एक सुशोभित तलाव लागला. सिमेंटचे काठ, मधोमध कारंजं, हंसाच्या आकाराच्या होड्या. पाण्यावर पक्षी म्हणायचे तर तेवढेच.

माझे अशील रशीदभाई हिवरखेडचे शेतकरी. त्यांच्या शेतातून रस्त्याच्या ठेकेदाराने मुरूम उचलला आणि भलामोठा खड्डा तसाच सोडला. तो बुजवून मिळावा म्हणून मी कित्येक वर्षं कोर्टात भांडलो आणि जिंकलो. सोमवारी मातीचे टिप्पर येणार होते.

आम्ही शेतावर पोहोचलो, तर खड्ड्यात आता पाणी होतं, काठाला पाणकणीस वाढलं होतं. लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात टोचत होते, पलीकडे थापट्या बदकांचा थवा होता. एक टिबुकली तरंगत्या घरट्यावर बसली होती.

"हे तू बुजवायला लावलंस?" मेधाने विचारलं.

"कोर्टाने," मी म्हणालो. तिने दुर्बीण माझ्या हातात दिली.

जेवायला रशीदभाईंकडे भाकरी आणि भरीत होतं. ते बराच वेळ घास चिवडत राहिले.

"वकीलसाहेब, पह्यले माही विहीर होळीलेच आटे. हा गड्डा भरून राहते तवापासून आटत नाही. शेजारच्याचीबी नाही. तुमी केस जिंकून देली, आता हारून द्या."

"हे आधी का नाही सांगितलं?"

"तुमी एवढ्या जोरात लढून राहिले होते. मले बोलाले लाज वाटली."

रात्री घरी आल्यावर मी ठेकेदाराला फोन केला. त्याला आधी डाव वाटला, मग आनंद झाला. टिप्पर आले नाहीत. इतक्या वर्षांच्या वकिलीत माझ्या हातून निसर्गाचं एवढं एकच भलं झालं, तेही जिंकलेलं सोडून दिल्यामुळे.

आठवड्याने ठेकेदाराचा निरोप आला: तिथे 'पर्यावरणासाठी आमच्यातर्फे तलाव' अशी पाटी लावली तर चालेल का?

मी रागावून रशीदभाईंना विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "लावू द्या. पाखरायले कुठं वाचता येते."