तुपाच्या डब्यावरचा ठिपका

विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या त्या कारागिराला बाजारात सगळे ठिपकेवाले म्हणत. दुरुस्त केलेल्या मोटारीच्या प्रत्येक स्क्रूवर तो लाल लाखेचा ठिपका द्यायचा. मागाहून कुणी स्क्रू फिरवला, की ठिपका तडकायचा आणि चोर सापडायचा. माणूस मुळातच संशयी. दूधवाल्यापासून जावयापर्यंत त्याच्या तावडीतून कुणी सुटलं नव्हतं.

हार्ट अटॅक येऊन गेला त्याला बरीच वर्षं झाली होती. तेव्हापासून बायको उकडलेलं वाढायची आणि तो कुरकुरत गिळायचा. अलीकडे मात्र छाती एकाएकी बेफाम धडधडायची. एकदा तर काम करता करता तो भोवळ येऊन पडला. तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अटॅकच्या जुन्या व्रणात चरबी भरलीय, तिथंच ठोके बिघडतात. छातीत ठोके ताळ्यावर आणणारं यंत्र बसवायला हवं, उशीर जिवावर बेतेल.

त्याच्या डोक्यात चरबी तेवढी राहिली. इतकं उकडलेलं खाऊन ती आली कुठून? कुठंतरी पाणी मुरतंय. बायकोच दया येऊन चोरून तूप घालत असणार! चोर सापडेपर्यंत यंत्र नको, असं त्यानं ठणकावलं. ती बाहेर जाताच स्टुलावर चढून त्यानं फडताळातल्या तुपाच्या डब्यावर, झाकण आणि काठ जोडून, ठिपका दिला. ठिपका रोज शाबूत. म्हणजे दुसरा डबा आहे, असं ठरवून त्यानं तिचं कपड्यांचं कपाटही उचकलं.

शेवटी त्यानं बायकोसमोरच डॉक्टरीणबाईंना विचारलं, एवढी चरबी साठायला किती तूप पोटात गेलं असेल? त्या हसल्या नाहीत. ही ताटातली चरबी नव्हे, म्हणाल्या. काहींच्या जुन्या व्रणात शरीर स्वतःच ती भरत जातं. मग हृदयातली वीज तिथं रेंगाळते, वळसे घेते, फिरून मागं येते. विजेचं हे वागणं त्याला लगेच पटलं. बायकोची नजर चुकवत तो यंत्राला तयार झाला.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आधी तो ठिपका खरवडा. पहिल्याच दिवशी दिसला होता मला."

तो स्टुलावर चढला. लाख नखानं निघेना, स्क्रूड्रायव्हरनं निघाली. डबा हातात घेतला तर हलका. आत तुपाचा वासही नव्हता.

"तुमचं पथ्य सुरू झाल्यापासून रिकामाच आहे," ती म्हणाली. "तुम्ही समोर बसून उकडलेलं गिळायचं आणि मी तूप खायचं?"

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उतरण्यासाठी त्यानं तिच्यापुढं हात केला. तिनं तो धरला, पण लगेच नाही.