हिऱ्याच्या पाठीवरचा भोवरा

"पोरी, खरं सांग, आमच्या बैलाला तू भोवरा कुठून आणलास?"

नानांचा फोन आला तेव्हा मी झूलॉजीच्या प्रॅक्टिकलची फाईल पूर्ण करत होते. आधी मला वाटलं, चित्राचा कॅनव्हास सैल पडला असेल. पावसाळ्यात कॅनव्हास ओल धरतो आणि मधोमध झोळ येतो. त्यावर काय करायचं ते मला सांगता आलं असतं.

"कोणता भोवरा, नाना?"

"पाठीवरचा, केसांचा. वशिंडाच्या मागं. उद्या पोळा हाय आन् इथं गाव गोळा झालंय. तू आत्ताच्या आत्ता ये."

मी परभणीत बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. त्यामुळे कॉलेजात नेमकं काय करतात हे घरी कुणाला माहीत नाही, आणि त्याचा फायदा घेऊन मी चित्रं काढते. लोक मोबाईलवर फोटो पाठवतात, मी त्यावरून पोर्ट्रेट करते. इन्स्टाग्रामवर माझं एक पेज आहे. त्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : हुबेहूब चित्र, खात्रीशीर.

हे कळल्यावर आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोपर्यंत या धंद्याचं काही खरं दिसलं नाही, तर पोलीस भरतीचा क्लास लावायचा. माझी उंची भरतीला पुरते, हे माझं दुर्दैव.

नानांची ऑर्डर माझी सगळ्यात मोठी ऑर्डर होती. झरीच्या पुढे त्यांचं गाव आहे. यंदा पोळ्याला तोरणाखालून पहिला जायचा मान गावाने त्यांच्या हिऱ्याला दिला होता. त्या आनंदात त्यांनी हिऱ्याचं चार फुटी चित्र सांगितलं. त्याच गावातले आणखी तिघे म्हणाले होते, "नानाचं बघून आमीबी काढून घेऊ."

आता माझी चूक सांगते. ज्यावरून आपण चित्र काढतो त्याला आमच्या कामात रेफरन्स म्हणतात. नानांनी चार फोटो पाठवले होते. चारही फोटोंत हिऱ्याच्या पाठीवर झूल होती. नानांना चित्र झुलीशिवाय हवं होतं. मी पाठ बघायला जायला हवं होतं. पण इंटर्नल परीक्षा होती, आणि पाठ ती पाठ, असं मला वाटलं. मी पाठ मनाने काढली. तांबड्या हिऱ्याच्या पाठीचा तो मोठा लाल पट्टा फार सपाट दिसायला लागला, म्हणून मी ब्रश गोल फिरवून थोडं टेक्स्चर दिलं. टेक्स्चर म्हणजे पोत, रंग नुसता थापल्यासारखा दिसू नये म्हणून केलेली खटपट. ब्रश एकदाच गोल फिरवला होता. चित्रात तो रुपयाएवढाही दिसत नव्हता.

पण नानांच्या पुतण्याने मला न विचारता त्या चित्राचा फ्लेक्स करून वेशीवर लावला. झरीहून ऑटोने गावाशी उतरले तेव्हा तो मी पहिल्यांदा पाहिला. हिऱ्या खऱ्या हिऱ्याच्या तिप्पट होता. पाठीवरचा भोवरा परातीएवढा होता. खाली शुभेच्छुकांचे अकरा फोटो होते आणि शेवटी माझं नाव : 'हुबेहूब चित्र काढणाऱ्या सुप्रसिद्ध चित्रकार'.

पारावर तीस-चाळीस माणसं होती. खांदेमळणीचा दिवस होता. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले बैलांचे खांदे त्या दिवशी हळद-लोण्याने चोळतात. नानांच्या पत्नी, नानी, हिऱ्याचे खांदे चोळत होत्या आणि पाच-सहा जण वाकून त्याची पाठ तपासत होते. हिऱ्या शांतपणे कडब्याकडे बघत होता. तिथे त्याच्याइतकं निश्चिंत कुणी नव्हतं.

"आली का चित्रकारीण," ज्ञानोबाकाका म्हणाले. त्यांच्या बैलाचा दुसरा नंबर होता. हिऱ्याचा मान गेला, तर तो त्यांच्याकडे जाणार होता. "सांग बाई तूच. वशिंडामागचा भोवरा म्हंजी धन्याला खाणारा. असला बैल तोरणाखालून पैला न्यायचा का? गावाला काय व्हावं?"

"अहो, पण बैलावर भोवरा नाहीये," मी म्हणाले.

"आता न्हाई. पोळ्यासाठी नानानं केस कातरलेत. कातरल्यावर दिसतो का भोवरा?"

"आरं, पैल्यापासूनच न्हाई तो!" नाना ओरडले. "दोन साल झाले बैल गावात फिरायलाय. कुणी बघितला का भोवरा? सांगा की!"

दोन वर्षं समोरून जाणाऱ्या बैलाची पाठ कुणालाच नक्की आठवत नव्हती. फ्लेक्स मात्र सगळ्यांना पाठ होता.

मी धीर करून उभी राहिले. म्हणाले, "माझी चूक झाली. फोटोत झूल होती. मी पाठ पाहिलीच नाही. तो भोवरा मी मनाने काढला."

मला वाटलं, झालं. चूक कबूल केली की विषय संपतो, असं शाळेत शिकवलेलं होतं.

"खामखा कशाला खोटं बोलतीस?" ज्ञानोबाकाका म्हणाले. "न बघता नेमका तिथंच भोवरा कसा आला? कलाकाराची नजर लय बारीक असती. आपल्याला दिसत न्हाई ते त्यायला दिसतं. अन् पोस्टरवर लिवलंय की, हुबेहूब."

लोकांनी माना डोलावल्या. माझ्या कलेवर इतक्या माणसांनी एकाच वेळी विश्वास ठेवण्याची ती पहिलीच वेळ होती. नेमका तेव्हाच मला तो नको होता.

पारावर सखारामबापू बसले होते. गावात सगळ्यात वयस्कर तेच, त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नाही. ते म्हणाले, "भांडू नका. पोरीची परीक्षा घ्या. हितं बसून एकाचं चित्र काढू द्या. हुबेहूब आलं तर भोवरा खरा, मान ज्ञानोबाच्या बैलाला. न्हाई आलं तर पोरगी चुकती हे सिद्ध झालं, मान हिऱ्याचा."

"माझंच काढ," ज्ञानोबाकाका म्हणाले आणि फेटा सारखा करून समोर बसले.

पिशवीत स्केचबुक होतं. मी पेन्सिल काढली आणि मग मला समजलं की मी कशात सापडले आहे. चित्र चांगलं आलं तर हिऱ्याचा मान जाणार. वाईट आलं तर तीन ऑर्डरी जाणार, आणि आप्पांपर्यंत बातमी संध्याकाळच्या गाडीने पोचणार. ऑर्डर देणारे ते तिघेही तिथेच उभे होते. नाना मला डोळ्यांनी सांगत होते, बिघडव. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "पोरी, एखादा कान मोठा काढ."

मला मुद्दाम वाईट काढता येत नाही. चुकून येतं. पण त्या दिवशी चूकही होईना. रेषा जागेवर पडत होत्या. ज्ञानोबाकाकांचं नाक लांब आहे आणि टोकाला जरा डावीकडे वळलेलं आहे. खालचा ओठ पुढे येतो. मी दिसलं तसं काढत गेले. वीस मिनिटं लागली. मागे उभे असलेले लोक आधी कुजबुजले, मग हसायला लागले. त्यावरून मला कळलं की चित्र जमलंय. म्हणजे हिऱ्या गेला. मला नानींकडे बघवेना.

मी वही बापूंच्या हातात दिली. त्यांनी ती लांब धरून पाहिली. "ज्ञानोबाच हाय," ते म्हणाले. "आता शिंकल असं वाटायलंय."

"बघू," म्हणत ज्ञानोबाकाकांनी वही घेतली. बराच वेळ पाहिली. मग त्यांचा आवाज बदलला.

"हे कोण?"

"तुमी," चार-पाच जण एकदम म्हणाले.

"माझं नाक असं हाय?"

"असंच हाय," गंगाकाकू बायकांतून म्हणाल्या. त्या ज्ञानोबाकाकांच्या मिसेस. "चाळीस सालं बघायले मी."

"तू गप बस! ह्यो ओठ बघा. असा लोंबतो का माझा ओठ? हे माझ्यासारखं जराबी न्हाई. ह्या पोरीला काही येत न्हाई. जे न्हाई ते काढती!"

सखारामबापूंनी सावकाश विचारलं, "नीट सांग ज्ञानोबा. चित्र हुबेहूब हाय का न्हाई? हाय म्हण, मान तुझ्या बैलाला."

माझं या धंद्यातलं ज्ञान थोडं आहे, पण एक गोष्ट मी पहिल्याच महिन्यात शिकले होते. दुसऱ्याचं पोर्ट्रेट सगळ्यांना बरोबर वाटतं. स्वतःचं कुणालाच वाटत नाही. प्रत्येक गिऱ्हाईक म्हणतं, बाकी छान आहे, नाक तेवढं बघा.

ज्ञानोबाकाकांनी आपल्या बैलाकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. मग बायकोकडे. त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या.

"न्हाई," ते म्हणाले. "आजिबात न्हाई. जाऊ द्या हिऱ्याला."

दुसऱ्या दिवशी हिऱ्या तोरणाखालून पहिला गेला. फ्लेक्सवरच्या भोवऱ्यावर नानांच्या पुतण्याने गावातल्या मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो चिकटवला. मूळ चित्रातला भोवरा मी स्वतः जाऊन मिटवला. या वेळी झूल काढून, खरी पाठ समोर ठेवून. पाठ खरोखर सपाट होती. टेक्स्चरची काही गरज नव्हती.

तीनपैकी एक ऑर्डर गेली. राहिलेल्या दोघांनी चित्रात काय नको त्याची यादी आधी लिहून दिली. ज्ञानोबाकाकांचं स्केच मी फाडणार होते, पण गंगाकाकूंनी ते मागून नेलं. त्यांनी ते फ्रेम करून बैठकीत लावलंय. काका त्याच्याकडे पाठ करून बसतात, असं ऐकते. पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी बारीक होता. "ताई, घरात कुणाला सांगू नको. ते नाक कमी करून एक नवीन काढशील का?"

आप्पांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "चुकल्यावर उभी राहून बोललीस का?" मी हो म्हणाले. क्लासचा विषय त्यांनी अजून तरी काढलेला नाही. दिवाळी यायची आहे.

पेजवरून मी 'हुबेहूब' काढून टाकलं. आता तिथे लिहिलंय : 'दिसेल तेवढंच काढून मिळेल. फोटो झुलीशिवाय पाठवा.'