आधी वाजलेली शिट्टी

माझा धाकटा भाऊ आठवडाभर दुकानाच्या मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासतो आणि सुट्टीच्या दिवशी बास्केटबॉलच्या सामन्यांत पंच असतो. या दोन गोष्टी एकाच माणसाने करू नयेत. प्रेक्षकांना आयता विनोद मिळतो. "अहो चष्मेवाले, आधी स्वतःचा नंबर काढा!" हे मी सव्वीस वर्षं ऐकते आहे, आणि प्रत्येक ओरडणाऱ्याला वाटतं की हे जगात पहिल्यांदा आपल्यालाच सुचलं.

त्याला त्याचं काही नसतं. मुळात त्याला स्वतःचं असं फारसं काही नसतंच. लग्न केलं नाही, भांडण येत नाही, दुकानात गिऱ्हाईक आवाज चढवून बोललं की हा आत जाऊन काच पुन्हा घासायला घेतो. पण गळ्यात शिट्टी आली की त्याच्याहून हातभर उंच मुलं त्याच्यासमोर मान खाली घालतात. हे मला अजून पुरतं समजलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी एक प्रकार घडला, तो सांगायला हवा. मुलींचा सामना होता. एकीने उडी मारून बॉल टाकला. तो हवेत असताना सभागृहातले सगळे डोळे वर गेले, पंच असलेल्या माझ्या भावाचेही गेले. खाली आले तेव्हा मुलगी जमिनीवर होती आणि तिचं पाऊल भलत्याच दिशेला वळलेलं. समोरच्या मुलीने आपला पाय तिच्या उतरायच्या जागेवर सरकवला होता. ढकललं नाही, ओढलं नाही, दोन्ही हात वर, चेहरा साळसूद. मुद्दाम केलेली अशी चाल पंचाला वर्षानुवर्षं दिसत नाही, आणि दिसते तेव्हा तो वर बघत असतो. नियम चोख आहे: हवेत गेलेल्याची उतरायची जागा त्याची. पण तो नियम लागू होतो पाय मोडल्यावर.

हा इस्पितळात भेटायला गेला. मुलीच्या आईने एवढंच विचारलं, "तुम्ही तिथेच होतात ना?"

तेव्हापासून तो बॉल बघत नाही. फक्त पावलं बघतो.

यंदा कॉलेजच्या मुलींचा अंतिम सामना त्याच्याकडे आला. लाल आणि निळा संघ. निळ्यांची नऊ नंबरची मुलगी बुटकी, पण लांबून नेम असा की लालवाल्या पार मेटाकुटीला आल्या. मी वरच्या पायऱ्यांवर बसले होते. लालांचे प्रशिक्षक, पोट सुटलेले गृहस्थ, खुर्चीवरून उठून एकदम ओरडले, "चटई!"

आमचे पंच काय करतात? त्यांना वाटलं, चटई मागतायत म्हणजे फरशीवर पाणी सांडलंय. खेळ थांबल्यावर पुसणाऱ्याला बोलावून चांगला पट्टा पुसून घेतला! लालांच्या खुर्च्यांवर खसखस पिकली. पण ती आरोळी आली त्याच वेळी नऊ नंबर हवेतच पाय आखडून कशीबशी एका पायावर उतरली होती, तेही त्याने पाहिलं होतं.

दुसऱ्यांदा "चटई!" आली तेव्हा त्याला उमगलं. लाल मुलीचं पाऊल सरकलं, नऊ नंबर त्यावर उतरली, कोलमडली. नशिबाने उठली. याने कडक फाऊल दिला, दोन फ्री थ्रो आणि वर बॉलही निळ्यांनाच. मग प्रशिक्षकांपाशी गेला.

"तो शब्द बंद करा."

"कुठला शब्द, साहेब?"

"चटई."

"अहो, शब्दावर फाऊल आहे? पुस्तकात दाखवा. मी आपला घरी न्यायची चटई विसरू नका म्हणून सांगतोय."

"मुलीचा पाय मोडेल."

"मोडला तर वाजवा की शिट्टी. अडवलंय कोणी?"

आणि त्यांनी त्या मुलीला बसवून दुसरी ताजी मुलगी उतरवली. हा आयोजकांच्या टेबलाशी गेला. ते म्हणाले, "पुरावा आहे का? नाही ना? मग सामना उरका. हॉल सहापर्यंतच आपल्याकडे आहे."

शेवटचे चार सेकंद. निळ्या एका गुणाने मागे. बॉल नऊ नंबरकडे. प्रशिक्षकांचा आवाज आला, तोच शब्द. मुलीने गुडघे वाकवले, पाय जमिनीवरून सुटले, बॉल अजून हातात होता, आणि शिट्टी वाजली.

शिट्टीच्या आवाजाने लाल मुलीचं पाऊल जागच्या जागी थबकलं. नऊ नंबर मोकळ्या फरशीवर नीट उतरली. बॉल जाळीतून खाली आला. निळ्या मुली नाचायला लागल्या. मग त्यांना दिसलं की पंच हात हलवून नाही म्हणतोय.

जोडीचा पंच धावत आला. "कुणाचा फाऊल?"

"कुणाचाच नाही."

"मग वाजवली का?"

"चुकून वाजली."

शिट्टी चुकून वाजली तर खेळ तिथेच मेला, आणि मेलेल्या खेळातली बास्केट धरत नाहीत. बॉल पुन्हा बाहेरून निळ्यांनाच दिला, दोन सेकंदांत काय होणार? लाल जिंकल्या. नऊ नंबर त्याच्यापुढे येऊन उभी राहिली. रडून चेहरा लालबुंद.

"काका, तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

तो तिला काय सांगणार? तुझा पाय वाचवला म्हणून? तिने पायाला काही होताना पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. "धक्का लागला, फाऊल, असं म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? तिला फ्री थ्रो मिळाले असते."

"लागला नव्हता, ताई."

"लागणार होता ना?"

"लागणार होता त्याचा फाऊल नसतो."

"मग अहवालात खरं लिही. मुद्दाम वाजवली म्हणून लिही."

"मुद्दाम लिहिलं तर ते चुकीपेक्षा वाईट."

त्या अहवालाच्या फॉर्मवर मी स्वतः तासभर डोकं आपटलं. कॉलेजात शिकून काय उपयोग! दुखापत कोणाला, कुठे, किती, याला जागा होती. न झालेल्या दुखापतीला जागा नव्हती. शेवटी त्याने एका ओळीत लिहिलं, "शिट्टी अनवधानाने वाजली," आणि खाली सही केली.

निळ्यांनी तक्रार केली होती, म्हणून समितीपुढे बोलावणं आलं. मी सोबत गेले आणि मागच्या बाकावर गप्प बसले. जिभेला असा त्रास मी आयुष्यात दिला नव्हता. अध्यक्षांनी विचारलं, "लाल खेळाडूचा स्पर्श झाला होता?"

"नाही."

"मग तुम्ही शिट्टी का वाजवलीत?"

"पाऊल सरकलं होतं."

"सरकण्याला बंदी आहे?"

"नाही."

मग नऊ नंबरला आत बोलावलं. तिला विचारलं, तुला काही इजा झाली होती का. "काहीच नाही, सर. माझे पाय ठणठणीत आहेत," ती म्हणाली, आणि खात्री पटावी म्हणून तिथेच दोन उड्या मारून दाखवल्या. अध्यक्षांनी मान डोलावली. भावाच्या विरोधातला सगळ्यात भक्कम पुरावा तो होता. आणि हा शहाणा तिच्या पावलांकडे बघून हसला! समितीतल्या बाईंनी ते पाहिलं आणि कागदावर काहीतरी खरडलं.

एक हंगाम घरी बसायची शिक्षा झाली. त्याने ऐकून घेतली, वाद घातला नाही. दारापर्यंत गेला आणि वळला.

"शनिवारी लालांचा पुढच्या स्पर्धेतला सामना आहे. पंच कोण आहेत?"

"नवीन दोघं आहेत. का?"

"त्यांच्याशी पाच मिनिटं बोलायचं होतं."

अध्यक्षांनी फाइल बंद केली. "तुम्ही आता कुणाशी काही बोलू नये, हेच बरं," ते म्हणाले, आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.