खाटेवरची माती

सुमे, ये अशी, जवळ सरक. तो फोन ठेव बाजूला. मागच्या खेपेला आलीस तेव्हा फाटकाजवळची खाट पाहून तू काय म्हणालीस, आठवतं? "मावशी, गुडघ्यांची ही दशा, आणि खाटेवर मातीचा ढीग? दोन माणसं लावली तर अर्ध्या तासाचं काम आहे." असं बोलतात का गं मावशीला? मी उठून चहा ठेवायला आत गेले, तुला वाटलं रागावले. रागावले नव्हते. ते वाक्य मी स्वतःच एकदा बोलले होते, आणि नुसतं बोलून थांबले नव्हते. आज सांगते सगळं. मधे बोलू नकोस, माझा धागा तुटतो.

आमच्या शेजारी लाभकाकू राहायच्या. खरं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांनी आयुष्यात कधी 'एक' म्हटलं नाही, म्हणून हे नाव पडलं. वडनेरकडे त्यांच्या मालकांचं धान्याचं दुकान होतं आणि तीसेक वर्षं माप काकूंच्याच हातात. धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, चार. ती सवय जिभेला अशी चिकटली, की पोळ्यासुद्धा तशाच मोजायच्या. एकदा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आजी, मुलं किती?" काकू म्हणाल्या, "लाभ." ती बिचारी कागदावर काय लिहावं म्हणून पेन धरून बसली. मी सांगितलं, एकच मुलगा आहे, अशोक, पुण्याला असतो.

मालक गेले, दुकान गेलं, आणि वर्षाच्या आत काकूंना लकवा झाला. डावी बाजू गेली. दवाखाना जवळ पडावा म्हणून अशोकनं त्यांना इथे सावंगीला खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या. स्वयंपाकाला बाई लावली. दवाखान्यातल्या मुलींनी हातात रबराचा चेंडू दिला, दाबत राहा म्हणून. चार दिवस दाबला. पाचव्या दिवशी मला म्हणाल्या, "चेंडू दाबून काय उगवते वं माय? त्यापरीस मले माती आनून दे."

माती कोण उचलणार? मी तेच विचारलं. काकू हसल्या. "तुले दुकानदारी नाई समजत. रास कोनी उचलते का? रास मापतात."

आणि मापलीच गं त्यांनी. पहिली गोष्ट, माती जमिनीवर टाकू दिली नाही. वाकलं तर उठणं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. फाटकाजवळ जुनी लोखंडी खाट लावली, वर ताडपत्री, आणि टेम्पोवाल्याकडून सगळा माल त्या खाटेवर उतरवून घेतला. स्वतः बाजूला खुर्चीवर. रस्त्यानं दवाखान्यात जाणारे लोक थबकायचे, खाटेवर चादरीखाली कोण निजलंय म्हणून. काकू सांगायच्या, "पेशंट माती हाये. मी भेटाले आली."

माल म्हणजे नुसती काळी माती नाही हं. आपली काळी माती टबात एकटी घातली तर पाणी पडल्यावर शिसं होते आणि वाळल्यावर वीट. म्हणून दोन मापं माती, एक माप शेणखत, आणि दोन मापं सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, तोही पावसाळाभर खड्ड्यात कुजवलेला. टबाच्या तळाला कूलरचं जुनं गवत, म्हणजे वजन कमी. सगळं कोरडं असतानाच हलवायचं. "ओली माती दुप्पट जड, रडक्या लेकरावानी," म्हणायच्या. आणि भरलेला टब कधी सरकवायचा नाही. "आधी टब सासरी पोचवाचा, मंग त्याचं पोट भराचं." तेलाचे पिपे, रंगाच्या बादल्या, गंजलेल्या कूलरचा खालचा टब, अशी चोवीस भांडी त्यांनी अंगणात आधी रिकामीच मांडून घेतली. लग्नाच्या पंगतीसारखी.

वॉकरच्या पुढच्या दांडीला कापडी पिशवी बांधलेली. शेरभराचं पितळी माप खाटेवर बुडवायचं, पिशवीत ओतायचं. लाभ. पुन्हा बुडवायचं. दोन. मग वॉकर टेकवत आठ पावलं, टबात रिकामी करायची, आठ पावलं परत. दिवसाला दहा मापं, जास्त नाही, कमी नाही. डाव्या हातालाही सूट नव्हती. पिशवीचं तोंड त्यानं धरायचं. सुरुवातीला बोटं घसरायची, तेव्हा काकू हातालाच दटावायच्या, "धर वं, तुले बी हजेरी लागते." दिवाळीपर्यंत त्या हातानं पिशवी धरली. दवाखान्यातल्या मुली पाहायला आल्या, तर काकूंनी त्यांना मूठभर सांभार, म्हणजे आपली कोथिंबीर, तोडून दिला आणि चेंडूही परत केला.

मदत करणारे पुष्कळ. दूधवाला रोज म्हणायचा, "काकू, एका झटक्यात टाकून देऊ का सारं?" काकूंचं उत्तर ठरलेलं. "तुह्या झटक्यानं माहा दिवस जाईन का?" तो हसायचा, मीही हसायचे. सुमे, हसण्यावारी नेलेलं बोलणं पुढे फार महागात पडतं बघ.

दर उन्हाळ्यात टेम्पोवाला टब खाटेवर पालथे करून, नवा माल टाकून जायचा आणि मापणं पुन्हा लाभपासून सुरू व्हायचं. तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात मी सकाळी गेले, तर काकू खाटेला टेकून खाली बसलेल्या. वॉकर आडवा, पिशवीतली माती मांडीवर सांडलेली. मी ओरडलेच. म्हणाल्या, "पडली नाई मी. बसली." मग माझा पदर धरून हळूच म्हणाल्या, "अशोकले सांगू नको. इतवारी येऊन राह्यला तो. एकडाव जरी पडली तर घेऊन जाईन म्हनते. मले नाई जाचं वं. चवथ्या माळ्यावर राह्यते तो, तिथं मी काय करू?"

मी वचन दिलं, आणि पाळलंही. पण घरी येऊन विचार केला. आजवर अशोकनं ढिगाला हरकत घेतली नव्हती, पण रविवारी येईल, आईला अशी थकलेली आणि खाटेवर हा एवढा ढीग पाहील, आई उन्हात माती ओढते म्हणेल आणि नेईल. ढीगच नसला तर? गुरुवारी काकू रिक्षानं दवाखान्यात गेल्या आणि मी चौकातून दोन माणसं आणली. म्हटलं ना, अर्ध्या तासाचं काम. त्यांनी घमेल्यांनी सगळे टब काठोकाठ भरले, धूळ उडू नये म्हणून पायानं दाबले, मी वर धणे टाकले, त्यांनी बादल्यांनी पाणी ओतलं. खाट धुऊन भिंतीला उभी केली. अंगण आरशासारखं झालं. मला इतका आनंद झाला होता म्हणून सांगू!

काकू रिक्षातून उतरल्या. मी फाटकातच सांगितलं, "काकू, संपली बघा एकदाची माती!"

त्या उभ्या राहिल्या. भरल्या घरात मीठ संपलं म्हणत नाहीत, वाढलं म्हणतात. मला काय ते ठाऊक नव्हतं? काकू अगदी हळू म्हणाल्या, "संपली म्हनू नये, माय. वाढली म्हनावं." रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. वॉकर टेकवत भिंतीपाशी गेल्या, उभ्या खाटेवर हात ठेवला आणि मला विचारलं, "मंग उद्या मी काय करू?"

मी म्हटलं, "आराम करा."

रविवारी अशोक आला. मुलगा वाईट नाही हं, मी त्याला कधी बोल लावला नाही. आईच्या पायाशी बसला, डावा हात हातात घेतला. दर वेळी विचारायचा तेच त्यानं विचारलं, "आई, दिवसभर करतेस काय?" दर वेळी काकू फाटकाकडे बोट दाखवायच्या, ते पाह्य कसं, ढीग अर्ध्यावर आला. त्या दिवशी त्यांनी फाटकाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. म्हणाल्या, "काई नाई."

"मग चल माझ्याकडे," तो म्हणाला.

सुमे, मी तिथेच होते. हातात चहाचा ट्रे होता. माझं तोंड उघडलं असतं तर पुरे होतं. ती रोज दहा मापं करते रे, तिच्या हातानं पिशवी धरलीय, ढीग मी हलवलाय, एवढंच म्हणायचं होतं. पण पडण्याची गोष्ट बाहेर येईल म्हणून मी गप्प राहिले. काकू माझ्याकडे वळल्या. एकदाच पाहिलं, मग "चाल" म्हणाल्या.

निघताना त्यांना सांभाराची बादली सोबत न्यायची होती. अशोकनं आणि ड्रायव्हरनं उचलून पाहिली. ओली, दाबून भरलेली, हलेना. "राहू दे," काकू म्हणाल्या, "पोट भरलेलं हाये तिचं." गाडीत बसवताना पदरानं माझा चेहरा पुसला. मी रडते आहे, हे मला तेव्हा कळलं.

पुढे फोनवर बोलायच्या. तिथे माती पाकिटात मिळते, सुनेनं लहानशी कुंडी आणून खिडकीत ठेवली आहे, सूनच पाणी घालते. मी विचारायचे, हात कसा आहे. म्हणायच्या, "मिटला पुन्हा. त्याले आता हजेरी नाई." शेवटचा फोन पावसाळा सरता सरता आला. आवाज बारीक झाला होता. विचारलं, "सांभार निंघाला का वं?"

इथे चोवीसच्या चोवीस टब वीट होऊन बसले होते. एक काडी उगवली नव्हती. मी म्हटलं, "निघाला ना, काकू. हिरवागार आहे."

"मंग तोडजो," म्हणाल्या. "फुलावर जाऊ देऊ नको."

फोन ठेवला आणि मी खुरपं घेऊन त्यांच्या अंगणात गेले. टब फोडले, ढेकळं कुटली, घरमालकाला विचारून खाट आपल्या फाटकात आणली, माती तिच्यावर वाळत घातली, नवं कुटार मिसळलं. दोन आठवडे लागले. धणे चोळून पेरले. म्हटलं, कोंब दिसू दे, मग फोन करीन, खरं काय ते सांगीन, माफी मागीन. कोंब दिसायच्या आधी अशोकचा फोन आला. रडत होता. काकू झोपेतच गेल्या म्हणाला. मला म्हणाला, "मावशी, तुम्ही आईचं फार केलंत." मी हं म्हटलं.

हे मी कुणाजवळ बोलले नव्हते. तुझ्या काकांजवळसुद्धा नाही. आता माझेच गुडघे वाकत नाहीत, तेव्हा दहा मापं म्हणजे काय ते कळतं. सकाळी उठल्यावर काहीतरी वाट पाहत असतं, एवढंच असतं ते.

तेव्हा माणसं पाठवू नकोस, पैसेही पाठवू नकोस. तूच पुन्हा ये. दहा मापांना मला सव्वा तास लागतो आणि तेवढा वेळ गप्प राहणं मला जन्मात जमलं नाही. दुसरी खुर्ची मी झाडून ठेवली आहे. सकाळच्या गाडीनं ये, म्हणजे ऊन चढायच्या आत पोचशील. पुढच्या महिन्यात बघू, असं म्हणू नकोस बाई. याच आठवड्यात पुन्हा ये.