औषधाआधी खोबरेल

आज सकाळी केसगळतीचं औषध पहिल्यांदाच लावणार होतो. वय सत्तावीस, आणि कपाळाचे कोपरे मागे सरकलेत. डोंबिवलीतल्या त्वचेच्या डॉक्टरांनी काल बजावलेलं, "कोरड्या टाळूवर एक मिली, दिवसातून दोनदा. सुरुवातीला केस जास्त गळतील. घाबरून बंद करू नका."

मी ड्रॉपर भरेपर्यंत आईने मागून येऊन डोक्यावर खोबरेल चोपडलं. "अरे, कोरड्या डोक्यात औषध मुरेल कसं?"

बाबांनी पेपरातून मान वर केली. "माझ्या डोक्यात हिने वीस वर्षं तेल मुरवलंय. बघ." त्यांनी गुळगुळीत डोकं पुढे केलं.

आई हसली नाही. तिनेच शाम्पू आणून दिला.

केस वाळल्यावर औषध लावलं. ज्यांनी हे आधी केलंय त्यांनी सांगा, गळती वाढलेले ते आठवडे आरशासमोर कसे काढले?